कलमात न बसणारे केशवतात्या

कायद्याच्या परीक्षेत आम्हाला एक प्रश्न ठरलेला असायचा. गुन्हा आणि समाजाला न मानवणारं वर्तन यांतला फरक उदाहरणांसह स्पष्ट करा. मी तो इतका स्पष्ट केला होता की पुरवणी घ्यावी लागली, आणि तरी मार्क बेताचेच पडले. उदाहरणं पटण्यासारखी नाहीत, असा शेरा होता. पटण्यासारखं उदाहरण मिळायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. ते माझ्या शेजारच्या घरात राहायला आलं. त्यांचं नाव केशवतात्या. तात्या आता नाहीत, पण कोर्टात कुणी ‘प्रतिष्ठित नागरिक’ असा शब्द वापरला की मला अजून कुंपणापलीकडून त्यांचा आवाज ऐकू येतो.

आमचं गाव बारामती तालुक्यात, सांगवीच्या पुढे. नाव सांगत नाही. गावाची बदनामी होईल म्हणून नव्हे. ती गावानं स्वतःच, रंगीत छापून, वर्गणी काढून केली आहे. नाव सांगत नाही, कारण मी बारामतीच्या कोर्टात वकिली करतो आणि गावातली बरीचशी प्रतिष्ठित मंडळी माझे अशील आहेत. कुणाचं पोट कशावर चालतं हे माणसानं विसरू नये.

या मंडळींत सगळ्यात मोठं नाव अण्णासाहेबांचं. ते एक आदर्श व्यक्तिमत्त्व आहेत. हे माझं मत नाही, चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर तसं छापलेलं असतं. कालव्यातून अण्णासाहेबांच्या रानात एक पाइप येतो. तो जमिनीखालून येत असल्यामुळे पाटबंधाऱ्याच्या लोकांना दिसत नाही, फक्त त्यांच्या उसाकडे बघून कळतो. विहिरीवरच्या मोटरीचा आकडा थेट खांबावरच्या तारेला असतो आणि वायरमन आला की त्याला सावलीत बसवून चहा देतात. पुतणीचं लग्न त्यांनी ती अठरा वर्षांची व्हायच्या आतच उरकलं. कायद्याच्या दृष्टीनं तो गुन्हा होता, आणि त्या गुन्ह्याला अख्खं गाव फेटे बांधून हजर होतं. जिलेबी उत्तम होती. भिगवण रस्त्याला त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे, हेही सगळ्यांना माहीत आहे. पण ती त्यांची खाजगी बाब, आणि आमचं गाव कुणाच्या खाजगी बाबीत पडत नाही.

अशा या गावात तात्या येऊन पडले. त्यांची सगळी नोकरी वालचंदनगरला, कंपनीत टर्नर म्हणून गेली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि भावकीच्या वाटणीत आलेल्या जागेवर दोन खोल्या बांधून ते बायकोला घेऊन गावी आले. पण काकूंचं दुखणं आधीपासूनच होतं. वर्षाच्या आत त्या गेल्या.

दिवसकार्य झालं आणि पाहुणे पांगले. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी दारापुढे सडा टाकला आणि रांगोळी काढायला बसले. काकू काढायच्या, ती मोडायची नाही, एवढंच त्यांचं म्हणणं. ठिपके वगैरे त्यांना जमत नसे. त्यांनी जमिनीत एक खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली आणि गोल काढला. जन्म लेथवर गेलेला माणूस, वर्तुळ नुसत्या हातानं काढणं त्यांना कामचुकारपणा वाटायचा. रांगोळी अशी बिनचूक यायची की त्यात सौंदर्य औषधालाही नसायचं.

गावाला ते सहन झालं नाही. पुरुषानं रांगोळी काढायची, तीही बायको गेल्यावर, तीही रस्त्याच्या कडेला! दोन जाणती माणसं समजवायला आली. तात्यांनी ऐकून घेतलं आणि कुंपणावरून मला हाक मारली.

“ओ वकील, रांगोळी कुठल्या कलमात बसती?”

“कुठल्याच नाही, तात्या.”

“आयकलं? चहा घ्या आन् जावा.”

हा प्रश्न पुढे त्यांच्या तोंडी कायमचा बसला. भर उन्हात काळी छत्री घेऊन ते चौकात जायचे. पुरुषानं उन्हाला छत्री धरावी याचंही लोकांना हसू यायचं. धुणं स्वतः धुवायचे आणि पुढच्या दोरीवर वाळत घालायचे. दहाव्याला जायचे, पण जेवायला थांबायचे नाहीत. दुःखात जिलबी उतरत न्हाय, म्हणायचे. कुणी हटकलं की कुंपणावरून प्रश्न यायचा : हे कुठल्या कलमात बसतं? मी फुकटचा सल्लागार झालो होतो. सगळं गाव मला फी देऊन गुन्ह्यातून सुटायचं, आणि हा एकच माणूस गुन्हा न करता रोज सल्ला घ्यायचा.

ते साधुपुरुष होते असं मात्र कुणी समजू नये. माणूस विलक्षण तापदायक होता. माझ्या घरी आले की बसायच्या आधी फाटकाकडे बघून “दोन सूत कललंय” म्हणायचे. ते फाटक मी तीनदा नीट करून घेतलं. चहा अर्धा कप द्यायचे आणि बोलणं पाच कपांचं ऐकवायचे. दुसऱ्याचं काम कच्चं दिसलं की त्यांच्या जिवाची तगमग व्हायची, आणि त्यातूनच त्यांनी अण्णासाहेबांशी वाकडं घेतलं.

झालं असं की रस्त्याच्या कडेला एका ठिकाणी कायम चिखल असायचा. तात्यांनी छत्रीच्या टोकानं उकरून पाहिलं, तर खाली अण्णासाहेबांचा पाइप. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर, भरल्या माणसांत, ते अण्णासाहेबांना मोठ्या आपुलकीनं म्हणाले, “अण्णासाहेब, त्यो तुमचा चोरीचा पाइप गळतोय बघा. वेल्डिंग कच्चं हाय. मी करून दिऊ का? पैसं नगंत.”

तात्यांना खरोखर काही सुचवायचं नव्हतं. पाणी वाया जातंय, सांधा कच्चा आहे, एवढंच त्यांना खुपत होतं. पण अण्णासाहेबांचा चेहरा पडला. पाणी चोरणं वेगळं आणि त्याचा चारचौघांत उल्लेख करणं वेगळं. पहिल्यानं गावात कुणाची मान खाली गेली नव्हती, दुसऱ्यानं सगळ्यांची गेली. “केशवरावांना बोलायची रीत न्हाय,” असा निकाल त्या दिवशी लागला आणि त्यावर अपील नव्हतं.

त्यानंतर वर्षभरानं तात्यांनी मालनसिस्टरना आणलं. काकूंच्या शेवटच्या आजारपणात इंदापूरच्या दवाखान्यात ज्या नर्सनं त्यांचं सगळं केलं, त्या या. त्याही रिटायर झाल्या होत्या. विधवा होत्या, मूलबाळ नव्हतं. उंच, सडसडीत, कपाळावर केसांच्या आत शिरणारा एक जुना व्रण. बोलणं कमी आणि जे बोलायच्या ते पेशंटला सांगितल्यासारखं.

दुसऱ्या कुणी हे काम अंधारात, मागच्या दारानं केलं असतं, आणि गावानंही समजूतदारपणे डोळ्यांवर कातडं ओढलं असतं. त्याची आम्हाला सवय आहे. तात्यांनी छत्री उघडली, सिस्टरना सावलीत घेतलं आणि घरोघर जाऊन ओळख करून दिली. आमच्या दारातही आले.

“वकील, ह्या मालनसिस्टर. आजपासनं हितं माझ्याबरं राहणार. लगीन केल्यालं न्हाय आन् करणारबी न्हाय. काय इचारायचं असंल तर आत्ताच इचारा, माघारी नगं.”

माझ्या बायकोनं त्यांना आत बोलावून पोहे दिले. बाकी घरांतून दारं लोटल्याचे आवाज आले. त्या दिवशी तात्यांनी मला कलम विचारलं नाही. दोन सज्ञान माणसं राजीखुशीनं एका घरात राहिली तर त्यात गुन्हा नाही, हे त्यांनी इंदापूरला आधीच कुणाला तरी विचारून घेतलं होतं. माझ्यावर त्यांचा भरवसा नव्हता, याचं मला थोडं वाईट वाटलं.

गावानं आधी काही दिवस नुसतं तोंड फिरवलं. मग देवळात बैठक झाली. पाणीचोर, वीजचोर आणि बालविवाहाचे मानकरी अशी सगळी मंडळी संस्कृती वाचवायला जमली. ठरलं की या दोघांचं दळण गिरणीनं घ्यायचं नाही, डेअरीनं दूध द्यायचं नाही, दुकानदारानं माल द्यायचा नाही, त्यांच्या उंबऱ्यात कुणी पाय ठेवायचा नाही. हे तोंडी ठरलं असतं तर कुणाच्या बापाला सिद्ध करता आलं नसतं. पण आमच्याकडे कुठलीही गोष्ट फ्लेक्स लागल्याशिवाय झाली असं मानत नाहीत. वाढदिवस असो, निवड असो, श्रद्धांजली असो, चौकात फोटो हवा.

तिसऱ्या दिवशी फ्लेक्स लागला. वर ठळक अक्षरांत ‘जाहीर बहिष्कार’. खाली तात्यांचं पूर्ण नाव, ‘व सोबतची महिला’, आणि काय काय बंद याची यादी. उरलेल्या सगळ्या जागेत बहिष्कार टाकणाऱ्यांचे फोटो, मानाच्या क्रमानं, नाव आणि मोबाइल नंबरसह. फ्लेक्सवाल्याकडे वाढदिवसाचेच फोटो होते, त्यामुळे अण्णासाहेब गॉगल लावून, दोन्ही हात जोडून, हसत हसत बहिष्कार घालत होते. बापूराव नावाच्या एका जुन्या कार्यकर्त्याचा फोटो राहून गेला. ते भर चौकात ओरडले, “बैठकीला सतरंजी मी घातली! बहिष्कारात आमचं काईच योगदान न्हाय व्हय?” त्यांची समजूत घालायला दोन दिवस लागले.

तात्या छत्री घेऊन फ्लेक्ससमोर उभे राहिले. वरपासून खालपर्यंत वाचला. मग माझ्याकडे आले, आणि या वेळी प्रश्न उलटा होता.

“वकील, आमचं कलमात बसत न्हाय, ते झालं. ह्ये बसतंय का?”

“बसतं, तात्या. सामाजिक बहिष्काराला आपल्याकडे स्वतंत्र कायदा आहे. कैद होऊ शकते.”

“आन् ह्या शाण्यांनी फोटो लावलं?”

ते खो खो हसले. पण सिस्टर हसल्या नाहीत. दूध नसलेला चहा पिऊन त्यांना आठवडा होत आला होता. तक्रार द्यायला त्या स्वतः ठाण्यात गेल्या. अंमलदारानं आरोपींची नावं विचारली, तेव्हा मागून तात्या म्हणाले, “सायब, नावं, फोटू, हुद्दा, नंबर, समदं चौकात लावलंय. सवडीनं लिवून घ्या.” पोलीस आले, पंचनामा झाला, फ्लेक्स खाली उतरला आणि गुंडाळून जीपच्या टपावर बांधला गेला. बापूरावांनी त्या संध्याकाळी पेढे वाटले.

आरोपी आधी माझ्याकडे धावले. मला त्यांचं वकीलपत्र घेता आलं नाही, कारण तात्यांनी मला न विचारताच साक्षीदार म्हणून माझं नाव देऊन टाकलं होतं. एवढे अशील एकदम हातचे गेले म्हणून मी त्यांच्यावर बरेच दिवस रुसलो होतो. मग मंडळी स्वतःच तात्यांच्या ओसरीवर गेली आणि मला मध्यस्थ म्हणून ओढून नेलं. ज्यांनी उंबऱ्यात पाय ठेवायला बंदी केली होती, ते सगळे सतरंजीवर मांडी घालून बसले. सिस्टरनी चहा केला, बिनदुधाचा. तो सगळ्यांनी घेतला.

अण्णासाहेबांनी घसा साफ केला. “केशवराव, ताणायचं कशाला? तुमी लगीन करून टाका. मांडव आमचा, जेवण आमचं. गाव वाजतगाजत लावून दील. समदं मिटलं.”

“माझ्याकडं काय बघताय?” तात्या म्हणाले. “तक्रार सिस्टरची हाय. त्यांस्नी इचारा.”

या बाईशी आजवर त्यांच्यातलं कुणीच बोललं नव्हतं. अण्णासाहेबांना तिच्याकडे मान वळवावी लागली. “काय म्हणता, बाई?”

सिस्टर रिकामे कप गोळा करत होत्या. “लग्न मी केलं होतं, अण्णासाहेब. मांडव होता, वाजंत्री होती, अक्षता टाकायला तुमच्यासारखी मोठी माणसं होती. नवऱ्यानं कपाळ फोडलं. ज्या दवाखान्यात टाके घातले, तिथंच दुसऱ्या दिवशी ड्युटीला उभी राहिले. तेव्हा कुणी फ्लेक्स नाही लावला. म्हणाले, नवराबायकोचं आहे, आपण कशाला पडा. आता मला कुणी मारत नाही, तर तुमची झोप उडाली.” त्यांनी अण्णासाहेबांच्या हातातला कप घेतला. “तुमच्या वाड्यातून संध्याकाळी रडण्याचा आवाज येतो. आमच्या अंगणात ऐकू येतो. आधी तिथं बघा.”

अण्णासाहेबांच्या मुलाचा हात सुनेवर चालतो, हे गावात कुणाला माहीत नव्हतं? मलाही माहीत होतं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं आणि मला त्या बाईचा फार अभिमान वाटला. मंडळी चपला घालून निघून गेली.

शेवटी कोर्टात तडजोड झाली. सिस्टरनी संमती दिली, कारण त्यांना कुणाला तुरुंगात बघायची हौस नव्हती. बहिष्कार मागे, आणि आरोपींनी काही दिवस समाजसेवा करायची, असा आदेश झाला. आरोग्य उपकेंद्राचं आवार झाडायचं आणि गटारं साफ करायची. आमची माणसं खचणारी नाहीत. झाडलोट सुरू झाली त्याच सकाळी चौकात फ्लेक्स लागला : ‘आदर्श व्यक्तिमत्त्व अण्णासाहेब यांच्या शुभहस्ते स्वच्छता अभियान’. या वेळी बापूरावांचा फोटो होता. त्यांना शिक्षा झालेली नव्हती, पण फोटो हवा म्हणून तेही खराटा घेऊन आले आणि सगळ्यांत जास्त त्यांनीच झाडलं.

गिरणी सुरू झाली, दूध सुरू झालं, दुकानदार माल देऊ लागला. कायद्याला जेवढं करता येतं तेवढं त्यानं केलं. पण गावातली एकही बाई सिस्टरच्या ओसरीवर टेकायला आली नाही. नळावर त्या गेल्या की बोलणं थांबायचं. हळदीकुंकवाचं सोडा, वाटीभर साखर उसनी मागायलाही कुणी आलं नाही. माझी बायको जायची, पण ती शाळेत शिक्षिका, दिवसभर बारामतीला. आणि कुणी आपल्याशी बोललं नाही, याला कुठलंही कलम लागत नाही. जन्मभर वॉर्डात माणसांच्या गराड्यात राहिलेली ती बाई त्या शांततेनं वाळत चालली.

एक दिवस तात्या कुंपणाशी आले. फाटकाकडे बघितलंही नाही.

“सिस्टर म्हणत्यात, इंदापूरला बहिणीकडं जाते. कायमची.”

“तुम्हीही जा की.”

“मी म्हणालो. तर म्हणत्यात, तुमचं घर हाय हितं, ह्या वयात दुसऱ्याच्या दारात नगं. आन् त्येंच्या बहिणीचा नवराबी मला घरात घील व्हय? ह्या लोकांनी हाकलली असती तर भांडलो असतो, वकील. आपल्या मनानं निघालीय, तिच्याशी काय भांडू?”

एवढं बोलून ते परत गेले. मला खूप वाईट वाटलं.

इंदापूरची गाडी दुपारी आमच्या घरांसमोरच्या थांब्यावर येते. मी जेवायला घरी आलो होतो. समोर दोघं उभी होती. सिस्टरच्या पायाशी एक मोठी बॅग, तात्यांच्या हातात छत्री, ती पूर्ण सिस्टरच्या डोक्यावर धरलेली. दोघंही रस्त्याकडे बघत होती.

गाडीच्या आधी आली ती अण्णासाहेबांची सून, सुवर्णा. वाड्यातून निघून चौकातून चालत आली. पदर कपाळाला लावलेला, पदर लाल, गळ्यापर्यंत ओघळ. टपरीवरची माणसं आपापल्या कपात बघू लागली. वाटेत तिच्या चुलतसासूचं घर लागतं, मैत्रिणीचं लागतं, महिला मंडळाच्या अध्यक्षांचं लागतं. ती कुठंही थांबली नाही. सरळ थांब्यावर आली आणि सिस्टरसमोर उभी राहिली.

“मावशी,” एवढंच म्हणाली.

सिस्टरनी तिला कट्ट्यावर बसवलं, तिथंच बॅग उघडली आणि घड्या घातलेल्या साड्या रस्त्यावर काढून ठेवत तळातून कापूस आणि पट्टी शोधून काढली. “टाके पडतील. आधी रक्त थांबू दे. खाली बघू नकोस, माझ्याकडं बघ.”

मागोमाग अण्णासाहेब आले. आवाज न चढवता म्हणाले, “सूनबाई, घरी चला. घरातली गोष्ट रस्त्यावर नगं.” तात्यांनी छत्री मिटली आणि सासरा-सुनेच्या मध्ये जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आता भाषण होणार. पण अण्णासाहेब डावीकडे सरकले की तेही डावीकडे सरकत होते.

तेवढ्यात गाडी आली. कंडक्टरनं दारातून हात बाहेर काढला. “इंदापूर! मावशी, बॅग द्या वर.”

सिस्टरनी पट्टी बांधता बांधता मान वर केली नाही. “नको. जाऊ दे गाडी. वकील, तुमची गाडी काढा, हिला बारामतीला न्यायचंय. टाके घालू आणि तिथूनच ठाण्यात जाऊ.” मग तात्यांना म्हणाल्या, “ती बॅग घरात ठेवा.”

मी गाडी वळवली. सुवर्णाला मागच्या सीटवर घेऊन सिस्टर बसल्या. निघताना मी आरशात पाहिलं. तात्या त्यानंतरही काही वर्षं होते, पण मला आठवतात ते तेव्हाचे. साड्या कशातरी कोंबलेली ती उघडी बॅग दोन्ही हातांनी पोटाशी धरून, छत्री रस्त्यावरच टाकून, सत्तरीला टेकलेला तो माणूस भर दुपारी घराकडे पळत सुटला होता. सिस्टरचं मन बदलायच्या आत त्यांना ती बॅग घरात पोचवायची होती.